स्वस्त हत्यारांचे पाणी : अमेरिकेतील सवलतीच्या दुकानांच्या इतिहासातील एक प्रकरण

१

तापवलेले पोलाद पाण्यात किंवा तेलात बुडवून त्यास काठिण्य आणण्याच्या क्रियेस मराठी कारागीर ‘पाणी देणे’ असे म्हणतात. माणसाचा कस अजमावणे या अर्थी ‘पाणी जोखणे’ हा वाक्प्रचारही मराठीत रूढ आहे. हे दोन्ही प्रयोग शेजारी ठेवून पाहिले असता हत्यारांच्या व्यापारातील मूळ अडचण चटकन ध्यानात येते. हत्याराचा खरा गुण त्याच्या पाण्यात असतो आणि पाणी तर डोळ्यांस दिसत नाही. दुकानाच्या फळीवर दोन पाने शेजारी ठेवलेले असतात. दोहोंचे माप एक, चकाकी एक, वजनही जवळजवळ एकच. त्यांपैकी एक पाना वीस वर्षे टिकतो, तर दुसरा पहिल्याच गंजलेल्या नटावर तोंड पसरतो. कोणता पाना कोणत्या जातीचा, हे कामास लागल्यावर कळते. परंतु पैसे मात्र त्यापूर्वीच मोजावे लागतात.

मग हे पाणी जोखावयाचे कोणी? महाराष्ट्रातील जुन्या गावगाड्यात या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. लोहार हा बलुतेदार असे. कुऱ्हाड, विळा, नांगराचा फाळ ही हत्यारे तोच घडवी, तोच दुरुस्त करी आणि सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने आपले बलुते घेई. कच्च्या पाण्याचा विळा मोडला तर तो पुन्हा त्याच्याच भात्यापुढे येई. करणारा, विकणारा आणि उणिवेबद्दल जबाब देणारा असे तिघेही एकच असल्यामुळे गिऱ्हाइकास स्वतंत्र परीक्षा करण्याचे कारण पडत नसे.

करणारा आणि वापरणारा यांची ओळख तुटली की हा प्रश्न नव्याने उभा राहतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेल्या पावणेदोनशे वर्षांत त्याची एकामागून एक निरनिराळी उत्तरे दिली गेली. स्वस्त हातहत्यारांचा आणि ती विकणाऱ्या सवलतीच्या दुकानांचा इतिहास हा बव्हंशी या उत्तरांचाच इतिहास आहे. तो केवळ किमती उतरत गेल्याचा इतिहास नव्हे. परीक्षेचा भार कोणाच्या खांद्यावरून कोणाच्या खांद्यावर गेला, हे त्यात पाहावयाचे आहे.

२

पहिले उत्तर कारागिराच्या नावाचे होय. इंग्लंडातील शेफील्ड परिसरात चाकू-सुऱ्या घडविणाऱ्यांची संस्था १६२४ च्या कायद्याने स्थापन झाली आणि प्रत्येक कारागिराची खूण नोंदविण्याचे काम तिच्याकडे आले. पात्यावर ठोकलेली खूण ही एक प्रकारची सहीच होती. अमेरिकेत वसाहतकाळापासून उत्तम हत्यारे येत ती प्रामुख्याने इंग्लंडातून, आणि नावावरून माल ओळखण्याची ही सवयही त्यांच्याबरोबर आली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकन नावे इंग्रजी नावांच्या बरोबरीने उभी राहू लागली. न्यूयॉर्क संस्थानातील नॉर्विच या गावचा डेव्हिड मेडोल हा त्यांतील एक. त्या काळच्या हातोडीचा दांडा ढिला होई व डोके निखळून उडे. मेडोलने हातोडीचे भोक वाकसाच्या भोकाप्रमाणे खोल व लांबट केले, त्यामुळे दांड्याची पकड घट्ट झाली. फिलाडेल्फियात हेन्री डिस्टन याने १८४० मध्ये करवतींचा कारखाना काढला आणि पुढे त्याचे नाव हाच करवतीच्या प्रतीचा पुरावा मानला जाऊ लागला. गिऱ्हाइकाने मेडोलला किंवा डिस्टनला पाहिलेले नसे. तथापि त्या नावामागे एक हाडामांसाचा माणूस आहे आणि हत्यार वाईट निघाल्यास त्याच्या नावास बट्टा लागेल, एवढे तो जाणून असे.

यापुढची पायरी व्यापाऱ्याच्या नावाची. सेंट लुईस येथील सिमन्स या घाऊक व्यापारी पेढीने निरनिराळ्या कारखान्यांकडून हत्यारे करवून घेऊन ती ‘कीन कटर’ या एकाच नावाने विकली. किंमत विसरली जाते, गुण मात्र दीर्घकाळ आठवणीत राहतो, अशा आशयाचे या पेढीचे ब्रीद होते. येथे एक सूक्ष्म बदल झाला. नाव आता घडविणाऱ्याचे राहिले नाही. निवड करणाऱ्याचे झाले. पाणी जोखण्याचे काम व्यापाऱ्याने आपल्याकडे घेतले आणि त्या कामाचे मोल हत्याराच्या किमतीत मिळविले.

३

ज्यास हे मोल परवडत नव्हते त्याची सोय वेगळ्या दुकानाने केली. फ्रँक वूलवर्थ याने १८७९ च्या फेब्रुवारीत यूटिका येथे पाच सेंटांचे दुकान काढले. ते चालले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथे काढलेले दुकान मात्र चालले. पुढे पाच सेंटांच्या जोडीला दहा सेंटांचा माल आला आणि ‘पाच-दहाची दुकाने’ गावोगाव पसरली. माल उघडा मांडलेला, किंमत ठरलेली, घासाघीस नाही. दहा सेंटांची ही मर्यादा वूलवर्थच्या दुकानांनी १९३२ मध्ये वीस सेंटांवर नेली आणि १९३५ मध्ये अजिबात सोडून दिली.

या पद्धतीचा हत्यारांवर झालेला परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. एरवी वस्तू आधी घडते आणि तिची किंमत मागून ठरते. येथे किंमत आधी ठरली आणि तीत बसेल अशी वस्तू मागून घडविण्यात येऊ लागली. किंमत हलत नसल्यामुळे हलावयाचे ते गुणालाच. घडीव डोक्याच्या जागी ओतीव डोके आले, चिवट हिकरी लाकडाऐवजी मिळेल त्या लाकडाचा दांडा आला. ओतीव लोखंडाची हातोडी दिसावयास घडीव हातोडीसारखीच असते. परंतु ओतीव लोखंड ठिसूळ असल्यामुळे जोराच्या ठोक्याने तिचा टवका उडू शकतो. चित्राची चौकट टांगण्यापुरता खिळा ठोकणाऱ्या गृहिणीस अशी हातोडी पुरे होती. सुतारास ती पुरी नव्हती. पाच-दहाच्या दुकानाने वाईट माल विकला, एवढेच म्हणून चालणार नाही. ज्या घरात पूर्वी हातोडीच नव्हती त्या घरात हातोडी पोचविण्याचे श्रेयही त्यास द्यावे लागेल.

हाच बदल शब्दांच्या अर्थांतही उमटलेला दिसतो. इंग्रजीतील ‘चीप’ हा शब्द मुळात ‘खरेदी-विक्री’ या अर्थाचा होता. लंडनच्या जुन्या बाजारपेठेचे चीपसाइड हे नाव त्या अर्थाची साक्ष देते. ‘चांगला सौदा’ या अर्थाच्या शब्दसमूहातून तो ‘कमी किमतीचा’ या अर्थावर आला आणि तेथून ‘हलक्या प्रतीचा’ या अर्थापर्यंत घसरला. ‘बार्गेन’ हा जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द मूळचा घासाघिशीचा. ठरलेल्या किमतीच्या दुकानांनी घासाघीस संपविली, तेव्हा तो शब्द उतरत्या किमतीने मांडलेल्या वस्तूंच्या फळीस चिकटला. ‘डिस्काउंट’ हा तर सराफी हिशेबातील शब्द. हुंडीची मुदत भरण्यापूर्वी पैसे घेताना जी रक्कम कापली जाते तिला जुन्या मराठी व्यापारी भाषेत वटाव म्हणत. एकेकाळी दोन माणसांमध्ये घडणारी क्रिया या शब्दांनी दाखविली जाई; पुढे ते वस्तूवर लावलेल्या चिठ्ठीचे शब्द झाले. बोलणे थांबले आणि चिठ्ठी बोलू लागली. घासाघिशीत गिऱ्हाईक किंमत तर पाडीच. पण बोलता बोलता विकणाऱ्याकडून मालाची माहितीही काढून घेई. ती वाट आता बंद झाली.

४

१९२७ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. टपालाने माल विकणाऱ्या सीअर्स, रोबक आणि कंपनीने १९२५ पासून शहरांत स्वतःची दुकाने उघडण्यास प्रारंभ केला होता. तिने १९२७ मध्ये आपल्या हत्यारांसाठी ‘क्राफ्ट्समन’, म्हणजे ‘कुशल कारागीर’, हे नाव नोंदविले. ही हत्यारे कंपनी स्वतः घडवीत नसे. निरनिराळ्या कारखान्यांकडून ती करवून घेई. त्याखालच्या प्रतीच्या स्वस्त मालासाठी ‘डनलॅप’ यासारखी वेगळी नावे होती. एकाच दुकानात दोन प्रती दोन नावांनी मांडल्यामुळे तुलना करणे गिऱ्हाइकास सुलभ झाले.

क्राफ्ट्समन हत्यारांची खरी ख्याती झाली ती त्यांच्या जन्मभराच्या हमीमुळे. पाना मोडला तर तो दुकानात घेऊन जावा आणि नवा घेऊन यावा, असा तो सरळ व्यवहार होता. पाणी जोखण्याच्या प्रश्नास मिळालेले हे अगदी नवे उत्तर होय. हत्यार उत्तम आहे असे हमी सिद्ध करीत नाही. ते वाईट निघाल्यास भरपाई देते. परीक्षेची जागा येथे विम्याने घेतली. गिऱ्हाइकास पोलादाची पारख असण्याची गरज उरली नाही.

परंतु हमीची मर्यादाही तेथेच आहे. मोडलेल्या पान्याच्या बदली पाना मिळतो. बुडालेली दिवसाची मजुरी मिळत नाही. नटावरून पाना निसटून बोटे सोलवटली किंवा हातोडीचा टवका डोळ्यात गेला, तर त्याचीही भरपाई हमीपत्रात नसते. शहरातील हौशी माणसास दुकान जवळ असते आणि वेळही असतो. दूरच्या शेतावर यंत्र उघडून बसलेल्या माणसास हत्यार त्याच क्षणी शाबूत हवे असते.

त्याच १९२७ साली स्टुअर्ट चेस आणि एफ. जे. श्लिंक यांचे ‘युअर मनीज वर्थ’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. सरकार स्वतःसाठी माल घेताना तो शास्त्रीय कसोट्यांवर तपासून घेते. सामान्य नागरिकास मात्र जाहिरातीखेरीज कशाचाच आधार नसतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. हातहत्यारांस हे विशेष लागू पडते. पोलादाचे काठिण्य मोजणारे रॉकवेल यंत्र त्यापूर्वीच, १९१९ मध्ये, पेटंटबद्ध झाले होते. डोळ्यांस न दिसणारे पाणी आता आकड्यांत सांगता येत होते, परंतु तो आकडा फळीपाशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकापर्यंत पोचत नव्हता. या विचारातून १९२९ मध्ये ‘कन्झ्यूमर्स रिसर्च’ ही संस्था निघाली आणि तीत फूट पडून १९३६ मध्ये ‘कन्झ्यूमर्स युनियन’ स्थापन झाली. वस्तू बाजारातून विकत आणून त्यांची तुलना करावयाची आणि निष्कर्ष वर्गणीदारांपुढे ठेवावयाचे, ही या संस्थेची पद्धत होती. एकाच वर्षी एका बाजूने ‘हमीवर विश्वास ठेवा’ आणि दुसऱ्या बाजूने ‘तपासून घ्या’ अशी दोन उत्तरे पुढे आली, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. दोन्ही एकाच अडचणीतून निघाली होती.

५

सवलतीच्या दुकानांचा उदय हा यानंतरचा टप्पा. १९३१ मध्ये कॅलिफोर्निया संस्थानाने आणि पाठोपाठ इतर संस्थानांनी असे कायदे केले की, कारखानदाराने ठरविलेल्या किमतीपेक्षा कमी किमतीस दुकानदाराने माल विकू नये. १९३७ च्या मिलर-टायडिंग्ज कायद्याने या व्यवस्थेस मध्यवर्ती सरकारची मान्यता मिळाली. लहान दुकानदार टिकावा, हा तिचा उद्देश सांगितला जाई. गल्लीतील लोखंडी सामानाचा दुकानदार गिऱ्हाइकास कोणते हत्यार कोणत्या कामाचे हे समजावून सांगे, आणि त्या सल्ल्याचे मोल ठरीव किमतीत समाविष्ट असे.

या बांधास पहिले मोठे खिंडार पाडणाऱ्यांत यूजीन फर्कॉफ हा होता. त्याने १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘ई. जे. कॉर्व्हेट’ हे दुकान काढले. प्रारंभी तेथे प्रवासी सामान आणि घरगुती उपकरणे छापील किमतीपेक्षा बरीच स्वस्त विकली जात. तेथे सल्ला नव्हता आणि विक्रेत्यांचा लवाजमाही नव्हता. थोडक्या नफ्यावर पुष्कळ माल खपवावयाचा, एवढेच त्याचे सूत्र होते. १९६२ हे वर्ष तर या पद्धतीचे सुगीचे वर्ष ठरले. त्या एका वर्षात मिशिगनमध्ये के-मार्ट, मिनेसोटात टार्गेट आणि आर्कान्सामध्ये वॉलमार्ट यांची पहिली दुकाने उघडली. कपडा, खेळणी, भांडी यांच्या जोडीला हातहत्यारांच्या फळ्याही अशा दुकानांत आल्या.

१९७५ मध्ये दोन कायदे झाले. ठरीव किमतीच्या व्यवस्थेस मिळालेली मध्यवर्ती मान्यता वर्षअखेरीच्या एका कायद्याने काढून घेण्यात आली. त्याच वर्षाच्या आरंभी मॅग्नसन-मॉस कायद्याने हमीपत्राच्या भाषेस शिस्त लावली. हमी ‘पूर्ण’ आहे की ‘मर्यादित’ हे स्पष्ट लिहिणे आवश्यक ठरले. ‘जन्मभर’ म्हणजे कोणाचा जन्म, गिऱ्हाइकाचा की हत्याराचा, असा प्रश्न पूर्वी विचारता येई. आता त्याचे उत्तर हमीपत्रातच द्यावे लागले. किंमत मोकळी झाली आणि शब्द बांधला गेला.

यानंतर दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, कॅलिफोर्नियातील नॉर्थ हॉलिवूड येथे स्मिट पिता-पुत्रांनी टपालाने हत्यारे विकण्याचा धंदा काढला. तोच आजचा ‘हार्बर फ्रेट टूल्स’. त्याचे पहिले दुकान १९८० मध्ये केंटकीतील लेक्सिंग्टन येथे उघडले, आणि तेही गिऱ्हाइकांनी टपालाने परत पाठविलेला माल खपविण्यासाठी. आज त्याच्या शाखा १५०० हून अधिक आहेत. आशियातील कारखान्यांकडून थेट माल घ्यावा, मधले व्यापारी गाळावेत आणि आपल्याच नावांनी तो विकावा, ही त्याची रीत होय. मात्र हातहत्यारांस जन्मभराची हमी देण्याचा सीअर्सचा प्रघात या दुकानानेही उचलला. पूर्वी ज्या हमीचे मोल चढ्या किमतीतून वसूल होई, ती आता स्वस्त मालाबरोबर मिळू लागली. याचा हिशेब उघड आहे. हत्यार करवून घेण्याचा खर्च पुरेसा उतरला, म्हणजे आधी कसून परीक्षा करण्यापेक्षा मोडलेले बदलून देणे परवडते. शिवाय मोडलेले प्रत्येक हत्यार परत येतेच असे नाही.

जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक प्रसिद्ध निबंध लिहून दाखविले की, गिऱ्हाइकास गुण ओळखता येत नसतील तर वाईट माल चांगल्या मालास बाजारातून हुसकावून लावतो. हमी, नाममुद्रा आणि साखळी दुकाने हे या संकटावरील उपाय म्हणून त्याने निर्देशिले. पुढे २००१ मध्ये त्यास नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. हातहत्यारांच्या बाजारात हे तिन्ही उपाय एकत्र झालेले दिसतात.

६

सीअर्सच्या वाट्यास आलेला शेवट अर्थपूर्ण आहे. २००५ मध्ये सवलतीच्या के-मार्टने सीअर्स विकत घेतली. क्राफ्ट्समन हे नाव २०१७ मध्ये स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकर या हत्यारांच्या कंपनीकडे गेले आणि २०१८ मध्ये सीअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. दुकान खचले तरी नाव उरले. गिऱ्हाईक ज्यावर विसंबून होते ते नाव दुकानापासून वेगळे काढून विकता येते, हे त्यातून दिसले.

नावांची ही स्वतंत्र गती सवलतीच्या दुकानांत अधिकच स्पष्ट होते. हार्बर फ्रेटच्या पान्यांवर ‘पिट्सबर्ग’ असे नाव असते. ते अमेरिकेतील पोलादाच्या जुन्या राजधानीचे नाव, पण हत्यार आशियात घडलेले. ‘डॉइल’, ‘क्विन’ ही दुसरी नावे आडनावांसारखी आहेत. मेडोल हे नाव एका माणसाचे होते. ही नावे माणसाच्या नावाचा केवळ आकार धारण करतात. याच्या उलट बाजूस कायद्याने लिहविलेला मजकूर असतो. आयात मालावर देशाचे नाव घालण्याची सक्ती अमेरिकेत १८९० पासून आहे. पकडी व चिमट्यांसारख्या हत्यारांवर तर ते ठोकून, ओतून किंवा कोरून उमटवावे लागते. नुसती चिठ्ठी चालत नाही. एकाच पकडीवर अशा प्रकारे दोन मजकूर आढळतात. विकणाऱ्याने लिहिलेला मोठा असतो, कायद्याने लिहविलेला बारीक. परंतु देशाच्या नावावरूनही पाणी कळत नाही. १९५० नंतरच्या काळात ‘जपानी’ हा शब्द अमेरिकेत हलक्या मालाचा वाचक होता. एका पिढीत तो नेमक्या कामाचा वाचक झाला. तैवानच्या बाबतीतही पुढे तसेच घडले.

मग फळीपाशी उभ्या असलेल्या माणसाने काय पाहावे? त्याच्या हाती काही साध्या कसोट्या उरतातच. पकड मिटून उजेडाकडे धरावी. तोडण्याच्या धारांमधून उजेड दिसता कामा नये. तिचा सांधा सहज फिरावा, पण हलू नये. पान्याचे तोंड नटावर सैल बसू नये. हातोडीच्या दांड्यातील लाकडाचे रेषे दांड्याच्या लांबीस धरून असावेत. ‘क्रोम व्हॅनेडियम’ ही अक्षरे धातूचा घटक सांगतात, त्यास दिलेले पाणी सांगत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. जुना कारागीर कानस फिरवून पाही. मऊ पोलादास कानस लागते, कठीण पोलादावरून ती घसरते. ही कसोटी अचूक असली तरी दुकानात करता येत नाही. अनुभवी लोक म्हणून कामाची वाटणी करतात. क्वचित लागणारे हत्यार स्वस्त घ्यावे, रोज लागणारे चांगले घ्यावे आणि ज्याच्या मोडण्याने इजा होईल त्याच्या बाबतीत केवळ किंमत पाहू नये.

भारतातही या प्रश्नाची उत्तरे शोधली गेली. भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली आणि १९५२ च्या कायद्याने तिला प्रमाणचिन्ह देण्याचा अधिकार मिळाला. नाशिकच्या टपारिया टूल्स या कंपनीने १९६९ मध्ये स्वीडिश तांत्रिक सहकार्याने हातहत्यारे करण्यास प्रारंभ केला. जालंधरच्या कारखान्यांतील हत्यारे परदेशी बाजारांत जातात. प्रमाणचिन्ह हे उत्तर कारागिराचे नव्हे, व्यापाऱ्याचेही नव्हे. ते त्रयस्थाचे आहे, आणि चेस व श्लिंक यांनी मागितले होते ते बव्हंशी हेच.

कारागिराची खूण, व्यापाऱ्याचे नाव, ठरलेली किंमत, जन्मभराची हमी आणि त्रयस्थाची परीक्षा ही सर्व उत्तरे आजही एकाच फळीवर एकत्र नांदतात. त्यांपैकी कोणतेही पुरते खोटे नाही आणि कोणतेही एकट्याने पुरेसे नाही. सवलतीच्या दुकानाने गरजू माणसाच्या हाती हत्यार दिले, ही त्याची मोठी कामगिरी होय. त्या हत्याराविषयीचे ज्ञान मात्र त्याने सोबत दिले नाही. ज्याच्याजवळ पैसा थोडा असतो त्याच्याजवळ चुकण्यास जागाही थोडी असते. म्हणून स्वस्त हत्याराची खरी किंमत काढताना चिठ्ठीवरील आकड्यात आणखी एक रक्कम मिळवावी लागते. पाणी न जोखता घेतलेले हत्यार कामाच्या ऐन वेळी दगा देते, तेव्हा होणाऱ्या हानीची ती रक्कम असते. आणि आजवरच्या कोणत्याही हमीपत्राने ती भरून दिलेली नाही.